थायरॉईडचा उपचार आणि सिगारेटचा धूर : उशिरा जुळलेला धागा



आजचा विषय वाचून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं थायरॉईडकडे काय काम? शंका रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, आणि आज इथे कुणाला औषध सांगणार नाही. ते ज्याचं त्याने करावं. पण वैद्यकाचा इतिहास हा बऱ्याच अंशी कारण शोधण्याचा इतिहास असतो. कारण कशाला म्हणायचं, नुसती सोबत कशाला म्हणायचं, आणि कारण सापडलं की दोष कुणाच्या माथी मारायचा, हे तिन्ही प्रश्न आमच्या घरचे आहेत.

तर आजचा प्रश्न असा. थायरॉईड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली तर काय करायचं, याचा शोध दीडशेहून जास्त वर्षं चालू होता. त्यातली निम्मी वर्षं तरी सिगारेट घराघरांत होती, इस्पितळातही होती. आज आपल्याला ठाऊक आहे की या आजाराच्या एका मोठ्या प्रकारात धूम्रपान करणाऱ्याला त्रास जास्त होतो आणि उपचार कमी लागू पडतो. मग हे नीट कळायला १९८७ साल का उजाडावं लागलं? धूर तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आधी ग्रंथीची ओळख करून घेऊ. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते, वजन जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. मराठी पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण तो शब्द परीक्षेपुरताच राहिला. अन्नातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन बनवते आणि त्यावर शरीराचा वेग ठरतो. हार्मोन कमी पडलं की माणूस सुस्तावतो, अंगावर सूज येते, थंडी सोसत नाही. जास्त झालं की उलट. छाती धडधडते, हात थरथरतात, भूक लागते पण वजन उतरतं, उकडतं, झोप येत नाही, चिडचिड होते. घरचे म्हणतात, हिला झालंय तरी काय?

ग्रंथी जास्त काम करण्याची कारणं अनेक. कधी तिच्यात गाठी होतात आणि त्या स्वतःच्या तंत्राने हार्मोन सोडत बसतात. पण सगळ्यात जास्त आढळणारं कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. यात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून थायरॉईडलाच चेतवणारी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करते. आणि यातल्या सुमारे चौघांत एकाचे डोळेही दुखावतात. डोळ्यांमागच्या स्नायूंना आणि चरबीला सूज येते, बुबुळं पुढे येतात, पापण्या मिटत नाहीत, कधी एकाचे दोन दिसतात, क्वचित दृष्टीवरही बेतते. आजची गोष्ट मुख्यतः या ग्रेव्हजची आणि या डोळ्यांची आहे, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवू.

आता थोडं मागे जाऊ. इंग्लंडमधल्या बाथ गावी केलेब पॅरी नावाचे डॉक्टर होते. १७८६ साली त्यांनी असा पहिला रुग्ण पाहिला. त्यांच्या नोंदी त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली छापल्या गेल्या. त्यात एका एकवीस वर्षांच्या मुलीची हकिगत आहे. उतारावरून वेगाने येताना ती चाकाच्या खुर्चीतून फेकली गेली, फार घाबरली, आणि त्यानंतर तिची छाती धडधडू लागली, गळा सुजू लागला. पुढे १८३५ मध्ये डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी आपल्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानात अशाच स्त्रियांचं वर्णन केलं. म्हणजे ज्या नावाने हा आजार आज ओळखला जातो, ते नाव एका व्याख्यानातून आलं आहे. आपल्यासारख्या व्याख्यानवेड्या मंडळींना तेवढंच समाधान! १८४० मध्ये जर्मनीतल्या मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी गलगंड, पुढे आलेले डोळे आणि धडधड अशी त्रयी मांडली. म्हणून युरोपात बऱ्याच ठिकाणी याला आजही बासेडोचा आजार म्हणतात.

पॅरींची ती घाबरलेली मुलगी या इतिहासात फार काळ ठाण मांडून बसली. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक होतो. आणि त्याची लक्षणं कशी? थरथर, घाबरेपणा, रडू येणं, झोप उडणं. मग निष्कर्ष काढायला कितीसा वेळ लागतो? बाई मुळात हळवी, धक्का बसला, आजार झाला! पार १९५० पर्यंत फ्रान्झ अलेक्झांडर यांच्यासारखे शिकागोचे नामवंत मनोविश्लेषक या आजाराला मनातून उद्भवणाऱ्या सात आजारांच्या यादीत बसवत होते. मनावरच्या ताणाचा या आजाराशी काहीच संबंध नाही, असं आमचं म्हणणं नाही. पण लक्षण आणि कारण यांची गल्लत झाली की रुग्णालाच आरोपी करणं किती सोपं होतं, ते इथे दिसतं. हा मुद्दा बाजूला ठेवू. शेवटी तो लागणार आहे.

आता उपचारांकडे वळू. पॅरिसचे आर्मां त्रुसो हे त्यांच्या काळातले मोठे डॉक्टर. १८६३ साली अशाच एका तरुण स्त्रीला त्यांना हृदयासाठी डिजिटॅलिस लिहून द्यायचं होतं. विचारांच्या नादात कागदावर उतरलं आयोडीनचं टिंक्चर! दोन आठवड्यांनी पाहतात तर नाडी चांगलीच खाली आलेली. चूक लक्षात आल्यावर त्यांनी आयोडीन बंद करून डिजिटॅलिस दिलं, तर नाडी पुन्हा वर. त्यांनी मुकाट्याने पुन्हा आयोडीन सुरू केलं. जास्त आयोडीन दिलं की ही ग्रंथी काही काळ दबते, हे शास्त्र तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ते पक्कं व्हायला १९२० चं दशक यावं लागलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेआधी आयोडीन देण्याची पद्धत रूढ केली आणि टेबलावर दगावणाऱ्या रुग्णांची संख्या झपाट्याने खाली आली.

शस्त्रक्रियेचं नाव निघालं की स्वित्झर्लंडच्या बर्नमधले थिओडोर कोखर आठवतात. त्यांच्याआधी गळ्यावर सुरी चालवणं म्हणजे रक्ताच्या थारोळ्याला आमंत्रण होतं. कोखर यांनी हजारो ग्रंथी काढल्या, आणि साध्या गलगंडाच्या शस्त्रक्रियेतले मृत्यू शंभरात एकाच्याही खाली आणले. ग्रंथी पुरी काढली तर माणूस पुढे मंद, सुजट होतो हे त्यांनीच १८८३ मध्ये प्रामाणिकपणे जाहीर केलं, आणि थोडी ग्रंथी मागे ठेवायला सुरुवात केली. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लेनिनची पत्नी नादेझ्दा क्रुप्स्काया हिला हाच आजार होता. १९१३ मध्ये लेनिन तिला घेऊन बर्नला गेला तो याच कोखरांकडे.

दुसरा उपचार आला तो अणूच्या मार्गाने. १२ नोव्हेंबर १९३६ ला एमआयटीचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ कार्ल कॉम्प्टन यांनी बोस्टनमधल्या डॉक्टरांसमोर व्याख्यान दिलं. विषय होता, भौतिकशास्त्र वैद्यकासाठी काय करू शकेल. व्याख्यान संपल्यावर सॉल हर्ट्‌झ नावाच्या तरुण डॉक्टरने विचारलं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? थायरॉईड आयोडीन ओढून घेते हे ठाऊकच होतं. म्हणजे किरणोत्सारी आयोडीन प्यायला दिलं तर ते आपोआप ग्रंथीत जाऊन बसेल, आणि सुरी न लावता आतल्या आत तिला आटोक्यात आणेल. आधी सशांवर प्रयोग झाले. ३१ मार्च १९४१ ला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाला असं आयोडीन दिलं गेलं. तेव्हा मंडळी, व्याख्यानानंतर प्रश्न विचारायला लाजू नका. महायुद्धानंतर अणुभट्ट्यांतून आयोडीन-१३१ मुबलक मिळू लागलं आणि हा उपचार जगभर गेला. आपल्याकडे १९६३ मध्ये मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं, आणि तुर्भ्याच्या अणुभट्टीचा नातेवाईक असलेला हा उपचार मराठी घरांपर्यंत पोहोचला.

तिसरा उपचार गोळ्यांचा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये उंदरांना वेगळ्याच कामासाठी एक सल्फा औषध दिलं जात होतं. त्यांच्या थायरॉईड वाढलेल्या दिसल्या, पण हार्मोन मात्र कमी. यातला धागा पकडून बोस्टनच्या एडविन ॲस्टवुड यांनी १९४३ मध्ये थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल रुग्णांवर वापरून दाखवलं. ग्रंथीत हार्मोन बनण्याची क्रियाच ही औषधं अडवतात. आज आपल्याकडे कार्बिमाझोलच्या गोळ्या अनेकांना मिळतात, त्या याच कुळातल्या.

म्हणजे १९५० च्या आसपास तिन्ही शस्त्रं हातात होती. सुरी, किरण आणि गोळी. मनोरंजक गोष्ट अशी की खरं कारण मात्र अजून कुणालाच माहीत नव्हतं. ते १९५६ मध्ये पहिल्यांदा पुसटसं दिसलं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनला डंकन ॲडम्स आणि हर्बर्ट पर्व्ह्‌ज यांना या रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला बराच वेळ चेतवत राहणारा एक घटक सापडला. पुढे ती प्रतिद्रव्यंच निघाली. त्या दिवसापासून पॅरींची ती घाबरलेली मुलगी निर्दोष सुटू लागली, असं म्हणायला हरकत नाही.

आता धुराकडे येऊ. पॅरी आणि ग्रेव्हज यांना हा संबंध दिसला नाही यात नवल नाही. त्यांचे रुग्ण बहुतेक स्त्रिया, आणि त्या काळातल्या स्त्रिया सिगारेट ओढत नव्हत्या. तेव्हा धूर म्हणजे उलट औषध! दमेकऱ्यांना धोतऱ्याच्या पानांच्या सिगारेटी डॉक्टरच लिहून देत. बायकांच्या हातात सिगारेट आली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९४८ च्या ब्रिटनमध्ये पुरुषांपैकी ६५ टक्के आणि स्त्रियांपैकी ४१ टक्के सिगारेट ओढत होते. म्हणजे ज्यांना हा आजार होतो त्या स्त्रियाही आता धुरात आल्या होत्या. तरी पुढची चाळीस वर्षं कुणी सरळ प्रश्न विचारला नाही.

का नाही विचारला? आमच्या मते याचं उत्तर मानवी बुद्धीच्या एका सवयीत आहे. जे सगळीकडे असतं ते दिसेनासं होतं. माशाला पाणी दिसत नाही म्हणतात, तसं. डॉक्टरांच्या टेबलावर ॲशट्रे, वॉर्डात ॲशट्रे. समोरची रुग्ण सिगारेट ओढते ही नोंद घेण्यासारखी गोष्टच नव्हती, कारण शेजारच्या खाटेवरची निरोगी पाहुणीही ओढत होती. संबंध दिसायला दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या कराव्या लागतात, आजाऱ्यांची आणि तो आजार नसलेल्यांची, आणि दोन्हींना तोच प्रश्न विचारावा लागतो. १९५० मध्ये लंडनला रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी नेमकं हेच केलं आणि जगाचे डोळे उघडले. पण सगळं लक्ष फुप्फुसाकडे आणि मग हृदयाकडे गेलं. धूर छातीत जातो, तेव्हा नुकसान छातीचं, हा हिशेब सरळ होता. गळ्यातल्या ग्रंथीशी आणि डोळ्यांमागच्या चरबीशी त्याचं काय नातं असणार?

१९८७ मध्ये स्वीडनमधल्या उमेओच्या हेग आणि आस्पलुंड या दोन डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. थायरॉईडच्या डोळ्यांच्या विकाराचा धूम्रपानाशी संबंध आहे का, एवढाच प्रश्न. डोळे दुखावलेल्या रुग्णांत धूम्रपान करणारे अपेक्षेपेक्षा खूपच जास्त आहेत, असं त्यांना आढळलं. मग १९९३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रुमेल आणि वियरसिंगा यांनी मोठी तुलना केली. धूम्रपान करणाऱ्यांत ग्रेव्हज होण्याची शक्यता साधारण दुप्पट निघाली, आणि डोळ्यांच्या विकारासह ग्रेव्हज होण्याची शक्यता साडेसात पटींहून जास्त.

इथे आमच्यातला नैयायिक जागा होतो. न्यायदर्शनात कारणाची चर्चा घड्याच्या उदाहरणाने करतात. घडा होण्याआधी माती असते, कुंभार असतो, चाक फिरवायचा दंड असतो. ही कारणं. पण माती वाहून आणणारं गाढवही त्याआधी असतंच की! कुंभाराचा बापही होता. मग तेही घड्याचं कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. ते अन्यथासिद्ध. म्हणजे असतात खरे, पण कार्य त्यांच्यामुळे होत नाही. आता सिगारेट दंड की गाढव? एखादा म्हणेल, अहो, हार्मोन वाढल्यामुळे माणूस बेचैन होतो, आणि बेचैन माणूस सिगारेट जास्त ओढतो. म्हणजे आजारामुळे धूर, धुरामुळे आजार नव्हे. आक्षेप मोठा चांगला आहे.

त्याचं उत्तर त्याच डच अभ्यासात होतं. त्यांनी गाठींमुळे थायरॉईड वाढलेले रुग्णही तपासले होते. त्यांच्या रक्तातही हार्मोन जास्तच असतं, बेचैनी तीच, धडधड तीच. बेचैनीमुळे सिगारेट हा तर्क खरा असता तर या रुग्णांतही धूम्रपान जास्त दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही. जिथे प्रतिद्रव्यांचा खेळ आहे त्या ग्रेव्हजमध्येच ते दिसलं. गाढवाची बाजू इथे लंगडी पडली.

पण खरा निर्णायक पुरावा आला तो उपचारातून. आणि इथे आपल्या दोन गोष्टी, उपचाराची आणि धुराची, एकमेकींना भेटतात. किरणोत्सारी आयोडीन वापरात येऊन पन्नास वर्षं झाली होती. ग्रंथी त्याने आटोक्यात यायची, पण काहींचे डोळे त्यानंतर बिघडायचे. १९९२ मध्ये स्वीडनच्या टालस्टेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आयोडीन दिलेल्यांपैकी सुमारे तिघांत एकाचे डोळे नव्याने दुखावले किंवा आणखी बिघडले, तर गोळ्या दिलेल्यांत हे प्रमाण दहात एक होतं. मग हा धोका कुणाला? सरसकट सगळ्यांना?

१९९८ मध्ये इटलीतल्या पिसाच्या लुइजी बार्तालेना यांच्या गटाने याचा तपशील मांडला. डोळ्यांचा त्रास नसलेल्या किंवा सौम्य असलेल्या रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन दिलं. सिगारेट न ओढणाऱ्या ६८ जणांपैकी ४ जणांचे डोळे बिघडले. ओढणाऱ्या ८२ पैकी १९ जणांचे. हे झालं धोक्याचं. आता फायद्याचं ऐका. ज्यांचे डोळे आधीच गंभीर होते त्यांना स्टेरॉईड आणि डोळ्यांमागे किरणोपचार असा दुहेरी उपचार दिला. न ओढणाऱ्या ६५ पैकी ६१ जणांना गुण आला. ओढणाऱ्या ८५ पैकी ५८ जणांना. औषध एकच, हात तेच, इस्पितळ तेच. फरक पडला तो खिशातल्या पाकिटाने.

त्याच गटाने हेही दाखवलं की आयोडीनबरोबर काही काळ स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या तर डोळे सांभाळता येतात. त्या अभ्यासात अशा १४५ रुग्णांपैकी एकाचेही डोळे बिघडले नाहीत. म्हणजे किरणोत्सारी आयोडीनच वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. कुणाला कोणता उपचार आणि कोणत्या जोडीने, हे रुग्ण पाहून ठरवायचं असतं, आणि त्या पाहण्यात आता सिगारेटचा प्रश्न आला. गोळ्यांचंही तेच. साधारण दीड वर्षाचा कोर्स संपल्यावर बऱ्याच जणांचा आजार उलटतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांत तो उलटण्याचं प्रमाण जास्त असतं.

धूर डोळ्यांमागे नेमकं काय करतो? संशोधकांनी काही वाटा दाखवल्या आहेत. धुरामुळे ऊतींना प्राणवायू कमी पडतो आणि दाहक रसायनं वाढतात. डोळ्यांमागच्या पेशींना प्रयोगशाळेत धुराचा अर्क दिला तर त्या जास्त चरबी बनवतात. पण सगळी साखळी अजून जुळलेली नाही. आणि एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नाही. थायरॉईड कमी पाडणाऱ्या, हाशिमोटो नावाच्या आजाराशी निगडित प्रतिद्रव्यं धूम्रपान करणाऱ्यांत उलट कमी आढळतात! म्हणून कुणी सिगारेट सुरू करणार नाही, पण विचार करणाऱ्याने हे माहीत ठेवावं. निसर्ग आपल्या नीतिकथा पाठ करून वागत नाही. धूर वाईट, म्हणून तो प्रत्येक ठिकाणी सारखाच वाईट, हा तर्क नव्हे. कारण त्या त्या जागी सिद्ध करावं लागतं.

आता आजचा मुख्य मुद्दा. जर्मनीतल्या फायलशिफ्टर आणि त्सीग्लर यांनी १९९६ मध्ये एक वेगळा प्रश्न विचारला. महत्त्वाचं काय? आजवर एकूण किती सिगारेटी ओढल्या ते, की आता रोज किती ओढता ते? फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये आयुष्यभराचा हिशेब मोजतात. वर्षं गुणिले पाकिटं, असा तो जमाखर्च. डोळ्यांच्या या विकारात मात्र वर्तमान मोजलं गेलं. रोजच्या सिगारेटी जितक्या जास्त, तितका धोका जास्त. पण ज्यांनी सोडल्या होत्या, त्यांच्यात, पूर्वी भरपूर ओढूनसुद्धा, धोका लक्षणीय वाढलेला दिसला नाही.

वेदान्तात कर्माचे तीन प्रकार सांगतात. संचित म्हणजे साठलेलं, प्रारब्ध म्हणजे भोगायला सुरू झालेलं, आणि क्रियमाण म्हणजे आत्ता चाललेलं. आजार झाला ते प्रारब्ध म्हणा हवं तर. त्यात घराण्याचा वाटा आहे, स्त्री असण्याचा आहे, आणखी कशाकशाचा आहे, आणि ते कुणाच्या हातात नव्हतं. पण या आजारात धूर हा संचिताच्या खात्यात फारसा जात नाही. तो क्रियमाण आहे. आणि क्रियमाणावरच माणसाचा अधिकार चालतो, एवढं तर आपल्या सगळ्या परंपरा एकमुखाने सांगतात.

आम्हाला हे महत्त्वाचं का वाटतं? मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा आता घेऊ. या आजाराच्या रुग्णाला दीडशे वर्षं ऐकवलं गेलं की तू हळवी, तू घाबरट, म्हणून झालं. प्रतिद्रव्यं सापडली आणि तो आरोप सुटला. आता धूर सापडल्यावर पुन्हा तोच खटला उभा राहू शकतो. ओढत होतास ना? मग भोग! असं बोलणारे नातेवाईक आपण पाहिलेत, आणि पांढऱ्या कोटातही ते भेटतात. पण हे वाक्य नीतीच्या दृष्टीने कठोर आहेच, शिवाय शास्त्राच्या दृष्टीने चूक आहे. कितीतरी ग्रेव्हजच्या रुग्णांनी उभ्या जन्मात सिगारेटला हात लावलेला नसतो, आणि कितीतरी सिगारेट ओढणाऱ्यांना हा आजार कधीच होत नाही. धूर हे एकमेव कारण नाही, सहकारी कारण आहे. दोष मागे बघून ठरवतात आणि जबाबदारी पुढे बघून घेतात. दोष दिला की रुग्ण लाजतो, खोटं बोलतो, डॉक्टरांना सांगतो, सोडली साहेब. आणि मग उपचार चुकीच्या माहितीवर ठरतो. त्याऐवजी त्याला एवढंच सांगितलं की बाबा रे, तुझ्या उपचाराचा एक भाग तुझ्या हातात आहे, आणि आज सोडलीस तर आधीची सगळी वर्षं त्याच्या आड येत नाहीत, तर तेच सत्य त्याला बळ देतं.

युरोपातल्या या विषयाच्या तज्ज्ञांच्या गटाने २००८ मध्ये एकमताने सांगितलं की ग्रेव्हजच्या प्रत्येक रुग्णाला धूम्रपान सोडण्याचा सल्ला दिला पाहिजे, डोळे दुखावले असोत वा नसोत. दीडशे वर्षांत सुरी, किरण, गोळी एवढा प्रवास करून वैद्यक शेवटी अशा उपायाशी आलं, ज्याला ना प्रयोगशाळा लागते ना दुकान. तो सोपा मात्र नाही. सवय किती चिवट असते हे ज्याने सोडायचा प्रयत्न केला त्यालाच विचारावं. त्यासाठी मदत मागण्यात कमीपणा नाही. औषधं आहेत, समुपदेशन आहे, आणि नेटाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं आहे.

आपल्या इकडचं काय? एक सावधगिरी बाळगू. हे सगळे अभ्यास युरोपातल्या सिगारेट ओढणाऱ्यांचे आहेत. आपल्या गावाकडच्या बायका सिगारेट क्वचित ओढतात, मशेरी मात्र लावतात. वर सांगितलेले आकडे मशेरीला किंवा गुटख्याला जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत. त्यांचे गुन्हे वेगळे आहेत आणि ते पुरेसे आहेत. पण आपल्या घरांना लागू पडणारी एक गोष्ट जरूर आहे. २००५ मध्ये छापलेल्या एका युरोपीय पाहणीत असं दिसलं की ज्या देशांत किशोरवयीन मुलांमध्ये धूम्रपान जास्त, त्या देशांत ग्रेव्हज झालेल्या लहान मुलांमध्येही डोळ्यांचा विकार जास्त. मुलं काही सगळी स्वतः ओढत नव्हती. तेव्हा दुसऱ्याच्या धुराचाही यात हात असावा, असा तज्ज्ञांना संशय आहे. घरात बायकोला किंवा लेकीला हा आजार असेल, तिच्या गोळ्या वेळच्या वेळी आणून देणारा नवरा किंवा बाप मोठा प्रेमळ असेल, आणि संध्याकाळी तोच ओट्यावर बसून बिडी ओढत असेल, तर त्याने एकदा थांबून विचार करावा. तिथे क्रियमाण त्याचं आहे, भोग तिचा.

औषध डॉक्टरांनी द्यायचं, ते नियमाने घ्यायचं, मनाने बंद करायचं नाही, हे तर आहेच. पण डॉक्टर विचारतील, सिगारेट ओढता का, तेव्हा तो प्रश्न चौकशीचा समजू नका. तो उपचाराचाच भाग आहे. खरं उत्तर द्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. एका प्रश्नातून काय होऊ शकतं, ते आज आपण पाहिलंच आहे.